बदली तेल

“पिवळ्या झाकणाचं घ्यायचं,” केमिस्टबाईंनी साहेबांच्या टेबलावर फाइल ठेवली. “आता डोळे झाकून मागवा.”

नव्या साहेबांना येऊन तीनच महिने झाले होते आणि डोळे झाकून काही करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी फाइल उघडली. टेबलावर तीन बाटल्या होत्या. एकीचं झाकण लाल, एकीचं पिवळं, एकीचं निळं. दाराशी स्टोअरवाले काका उभे होते आणि खिडकीशी बाईंचा धाकटा दीर. तो इथंच, बाईंच्या हाताखाली, तेलं मोजायचं काम करायचा.

या प्रयोगशाळेत कच्चं तेल मोजणारी मीटरं तपासली जात. पण खरं कच्चं तेल आत आणायची सोय नाही. ते पेट घेतं, नाक धरायला लावतं आणि एका टँकरातलं दुसऱ्यासारखं नसतं. म्हणून त्याच्या जागी एखादं स्वच्छ तेल शोधायचं, दाटपणात त्याच्याशी जुळणारं. हे बदली तेलच चुकीचं निवडलं, तर पुढं तपासलेलं प्रत्येक मीटर चुकीचं निघणार. साहेबांनी पंधरा दिवसांपूर्वी तीन तेलं दिली होती, प्रत्येकासोबत ते बनवणाऱ्या कंपनीचा माहितीचा कागद. एकेका तेलाचा दाटपणा सहा वेगवेगळ्या तापमानांना मोजायचा होता. नियम असा, की एकानं मोजायचं, दुसऱ्यानं शेजारी उभं राहून बघायचं आणि खाली दोघांनी सह्या करायच्या.

दीर मोजायचा, बाई बघायच्या. बघायच्या म्हणजे काय, सही करायच्या. शेजारी उभ्या राहिल्या त्या बारा वर्षांपूर्वी, पहिला महिनाभर. घरच्या माणसावर कसला आलाय पहारा? सासरे गेले तेव्हा हा शाळेत होता. बाईंनीच त्याला शिकवलं, इथं चिकटवलं, लग्नही जमवून दिलं. “वहिनी, तुम्ही निवांत बसा. मी आहे ना,” असं म्हणून तो आत जायचा आणि संध्याकाळी मोत्यासारख्या अक्षरातला कागद आणून द्यायचा. मापं तरी कशी? कंपनीच्या कागदाशी केसाइतकाही फरक नाही.

नेमकं तेच साहेबांना खुपत होतं. गेल्या महिन्यात त्यांनी बाईंना बोलावून विचारलं होतं, “मॅडम, तुमच्या दिरांचा एकही आकडा कधी इकडचा तिकडे कसा होत नाही?”

ऐका! माणूस चुकत नाही हाही त्याचा गुन्हा. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथं सव्वीस वर्षं घासली त्यांनी, आणि हे कालचे आलेले त्यांच्या माणसावर बोट ठेवणार?

“त्याचं एक माप खोटं निघालं, तर मी ही खुर्ची सोडेन,” त्या बोलून गेल्या. साहेब नुसते “बरं” म्हणाले. बाईंनी हे घरी दिराला सांगितलं, तेव्हा त्याला जेवण गेलं नाही. बाईंना वाटलं, बिचारा किती मनाला लावून घेतो.

“लाल का नको?” साहेबांनी आता विचारलं.

“फार दाट. पिवळ्याच्या दुप्पट.”

“आणि निळं?”

“अगदीच पाणचट. मीटरमधून नुसतं पळत सुटेल.”

“मोजताना तुम्ही स्वतः हजर होता?”

बाईंनी दिराकडे पाहिलं. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. खरं सांगावं तर नियम मोडला म्हणून साहेब त्यालाच धरणार. ते टपूनच बसले होते.

“अठराच्या अठरा मापं माझ्यासमोर झाली,” त्या म्हणाल्या.

“नीट आठवून सांगा, मॅडम.”

“त्यात आठवायचं काय? खाली सही आहे माझी.”

दिरानं श्वास सोडला. बाईंनाही बरं वाटलं. आपलं माणूस वाचलं, मग एवढ्याशा खोट्याचं काय मनावर घ्यायचं.

साहेबांनी काकांना खूण केली. काका पुढं आले. त्यांची नजर बुटांवरच होती.

“ताई, राग मानू नका,” ते म्हणाले. “या बाटल्या मी भरल्या. तिन्ही एकाच पिंपातून. साहेबांनी सांगितलं तशी झाकणं तेवढी वेगळी लावली.”

बाई हसल्याच. मग त्यांनी लाल आणि निळ्या झाकणाच्या बाटल्या उचलल्या आणि दोन्ही एकदम आडव्या केल्या. तेल दोन्हींत सारखंच संथ सरकलं. पंधरा दिवसांत त्यांनी एकही बाटली हातात घेतली नव्हती. घेतली असती, तर नुसत्या डोळ्यांनी कळलं असतं.

त्यांनी बाटल्या खाली ठेवल्या. कंपनीचे कागद समोर ठेवून यानं बसल्या जागी आकडे लिहिले होते. या वेळीच? की बारा वर्षं?

“मग हे आकडे आले कुठून?” साहेबांनी शांतपणे विचारलं. ते दिराकडे बघत होते.

बाईही त्याच्याकडेच बघत होत्या. त्यांना संताप आला होता, रडूही आलं होतं. पण एवढी खात्री होती की पोर चुकलं असलं तरी मनानं वाईट नाही. आता सगळं आपल्या अंगावर घेईल आणि वहिनीला यातून मोकळं करेल.

दिरानं घसा खाकरला.

“मॅडमनी सांगितले,” तो म्हणाला. “मी फक्त लिहून घेतले.”