भिंतीवरचं चाक

सायकलचं चाक फिरवून सोडलं, की थांबताना हवा भरायचा व्हॉल्व्ह खाली येतो, कारण ती बाजू किंचित जड असते. भिंतीवर टांगलेल्या सायकलच्या मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह आज वर होता.

ताईने तो खाली आणला. तो सावकाश पुन्हा वर गेला.

"मांडीच्या हाडात सळई बसली तरी नकाशे काही सुटत नाहीत," आई दारातून म्हणाली. "म्हणे समुद्रापर्यंत जायचंय! आधी जिना तर नीट उतर."

डॉक्टरांनी ताईला सायकल चालवायला हो म्हटल्याला कितीतरी महिने लोटले होते, पण तिच्याच तोंडून तो शब्द फुटत नव्हता. तिने टेबलावरच्या नकाशात घरावर बोट ठेवलं आणि रस्त्यावरून पुढे नेलं.

मागे चाक फिरू लागलं.

बोट घाटात शिरलं तसं चाक मंदावलं. कुणीतरी जोर लावून मारावेत तसे पायडल फिरत होते. उतार आला, पायडल थांबले आणि चाक टिकटिकत सुसाट सुटलं.

"कसला गं आवाज?" आई आत आली आणि तिथेच खिळली.

ट्रकने ताईला जिथे उडवलं होतं, त्या वळणावर बोट अडलं. चाकही थांबलं. मग हँडल हळूच वळलं, पुढे गेलेल्या सोबत्याने मागे वळून वाट पाहावी तसं.

ताईला भीती वाटली नाही. नुसता ऊर भरून आला.

"आई," ती म्हणाली, "मी जाणार आहे."