तिसरं डोकं

रत्नागिरीच्या सुबोध पेवेकरचं व्यंगचित्र त्या दिवशी गावभर गाजलं. समुद्रापलीकडच्या युद्धखोर मित्राला भेटायला निघालेले मंत्री, गळ्यापर्यंत बुडालेल्या आपल्याच खलाशांच्या डोक्यांवर पाय देत पलीकडे जात होते. लोक पोट धरून हसले.

दुपारी शेजारच्या जमिलाचाची पेपर घेऊन धापा टाकत आल्या. त्या मित्राच्या लढाईमुळे परक्या बंदरात अडकून पडलेल्या जहाजावर त्यांचा मुलगा सुहेल खलाशी होता. चित्रातल्या तिसऱ्या डोक्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हा आमचा सुहेलच ना रे? पेपरवाल्यांना काही कळलंय का? पाण्यात कसा गेला तो?"

खलाशाचा चेहरा हवा होता, म्हणून सुबोधनं ओळखीतला सुहेलचा उचलला होता. पोरगा अडकल्यापासून चाचींकडे चौकशीला मात्र तो एकदाही गेला नव्हता.

"नाही चाची, तसं काही कळलेलं नाही. ही नुसती..." 'गंमत' हा शब्द त्याच्या तोंडून निघेना. "मी आपलं मनानंच काढलं."

"म्हणजे बुडाला नाही माझा पोरगा!"

चाची मटकन खाली बसल्या आणि रडत रडत त्यालाच दुवा देऊ लागल्या. सुबोधला मान वर करता येईना.