उखाण्याबाहेरचं नाव

सोलापूरच्या टेलिफोन कचेरीत नंबर शोधायला नवा कार्डांचा कप्पा बसला. साहेबांनी फोन जोडणाऱ्या मथुराला बजावलं, "नाव विचारायचं, मोठ्यानं पुन्हा म्हणायचं, मगच कार्ड काढायचं." पहिलाच फोन करमाळ्याच्या पोस्टातून एका बाईचा आला. "पोरगी तापानं फणफणलीया. मालकांच्या दुकानात फोन जोडा की! आडनाव शिंदे." शिंद्यांची कार्डं मूठभर निघाली. "नाव सांगा, बाई." "त्येंचं नाव कसं घिऊ?" "उखाण्यात घ्या." "आत्ता कुटला उखाणा सुचतोय?" मग बाईच ठणकावून म्हणाली, "कुंडलिक!" मथुराच्या नवऱ्याचंही नाव तेच. तिनंही ते उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. साहेब जेवायला गेलेले. कार्ड गपचूप काढता आलं असतं. पण ती बाई भरल्या पोस्टात बोलली होती. मथुरानं पदर खोचला अन् खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "कुंडलिक शिंदे. जोडते, बाई."