पाठीवरची फ्रेम

रानात मुक्काम करून पाखरांचे फोटो काढायचे, म्हणून लोहा गावच्या भुजंगनं ॲल्युमिनियमच्या पाइपांची पाठीवरची फ्रेम बनवली. तंबू, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, हवं ते जोडा, नको ते काढा. पट्टे जुन्या फवारणी पंपाचे. मित्रांची जीप यायच्या आत वजन पेलतं का पाहावं, म्हणून त्यानं आईलाच वर बसवलं.

गुडघ्यांमुळं घरातच अडकलेल्या मनकर्णाबाई गल्लीभर मिरवल्या, लोकांच्या भिंतींवरून आत डोकावल्या.

"माय, उतर की. जीप आली."

"येऊ दे. अजून एक चक्कर मार."

भुजंग धापा टाकत जीपपाशी पोचला, तर आत नारळाच्या पिशव्या घेऊन गल्लीतल्या चार म्हाताऱ्या बसलेल्या.

"माहूरगडाला चल भुजंगा, आमच्यानंबी पायऱ्या होत न्हाईत."