चाव्यांचा जुडगा

आडबाजूच्या तुरुंगात सात वर्षं हवालदार एकटाच होता. भर दुपारी तो अंथरुणाला खिळलेल्या आईला भरवायला घरी धावायचा. मागे आगबिग लागली तर दारं उघडायला हवीत, म्हणून नियम धाब्यावर बसवून चाव्यांचा जुडगा गजांतून म्हाताऱ्या कैद्याकडे द्यायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर जुडगा पोटाशी धरून बसायचे. एकदाही चावी वाजली नाही. यंदा सरकारी अनुदान आलं, तीन नवे शिपाई रुजू झाले. पहिल्याच दुपारी हवालदाराने जुडगा नव्या शिपायाला दिला, तर सवयीने मास्तरांचा हात गजांबाहेर आलेला. "चुकलंच माझं, साहेब," म्हणत त्यांनी हात मागे घेतला. तासाभराने त्याच हातात हवालदाराने गरम डबा ठेवला. "इतकी वर्षं दुपारी मला इथून कोण सोडत होतं, ते आईला आज सांगितलं. तिने आपल्या ताटातलं अर्धं काढायला लावलं, मास्तर."