फुप्फुसातला डाग

रुग्णालयातले जुने स्कॅन पुढं कशावर जपायचे, हे ठरवायचं होतं. ते चुंबकीय टेपांवरही होते आणि हार्ड डिस्कवरही; विभागप्रमुख बाई टेपा मोडीत काढून सगळं डिस्कवरच ठेवायच्या विचारात होत्या. तेवढ्यात सर्जन गवईबुवांना घेऊन आले. "यांच्या फुप्फुसात डाग दिसतोय. नवा असेल तर फुप्फुस कापावं लागेल. यांचा वीस वर्षांपूर्वीचा स्कॅन सापडेल?" बाईंनी त्या सालची डिस्क लावली, ती हूं की चूं करेना. मग नाइलाजानं त्याच स्कॅनची टेप यंत्रात सरकवली. टेप कुरकुरली, आणि पडद्यावर गवईबुवांची तरुणपणीची छाती थराथरानं उमटत गेली. त्याच बरगड्या, तोच डाग, तीळभरही न वाढलेला! "जुना व्रण आहे! कापायचं कारणच नाही," सर्जन म्हणाले. "टेपाच ठेवू आपण," बाई म्हणाल्या.  गवईबुवांनी छाती भरून सूर लावला.