सोराबजीचं फडकं

"आमचा विटाळ होतो का हो तुम्हाला?"

किरणने पैजेवर दिलेला प्रश्न प्राचीने एका दमात विचारून टाकला. हातात डबा, पाय दारात. मागे फाटकाशी किरण आणि दिपमाला, दोघी मैत्रिणी, कान टवकारून उभ्या.

आत सोराबजी तिच्याकडे पाठ करून उभा. रोजच्यासारखाच. भिंतीशी कमरेएवढं चकचकीत पात्र, त्यात विस्तव. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात चंदनाच्या ढलप्या. आणि नाका-तोंडावर ते पांढरं फडकं, मागे गाठ मारलेलं. तो त्याला पदान म्हणायचा. प्राची त्याला नखरे म्हणायची.

त्याची प्रार्थना चालूच. मिटल्या ओठांनी नुसतं "हूंऽ हूंऽ".

"बघ, हो म्हणतोय!" किरण फिसकन हसली.

जळगावच्या या गल्लीत उरलेला हा एकटा पारशी, म्हातारा धर्मगुरू. जगायचा प्राचीच्या आईच्या हातचं खाऊन. आणि डबा आणणारीला मात्र पाठ! प्रार्थना आटोपली की फडकं हनुवटीखाली ओढून अगदी जवळ यायचा, लेकीला विचारावं तसं विचारायचा. "आज भरीत शे का, डीकरी?" म्हणजे भरीत चालतं. भरीत आणणारीपुढे तोंड झाकायचं. ढोंगी कुठला!

नववीपर्यंत प्राचीने हे गिळलं. पण परवाच ती वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती, तीही समतेवर बोलून. टाळ्या अजून कानात वाजत होत्या.

तिने डबा उंबऱ्यावर आदळला, तरातरा आत गेली आणि मागून फडक्याची गाठ खेचली. तटकन नाडी तुटली.

घरी पोचली ती धापा टाकत, मुठीत फडकं नाचवत.

"शाब्बास!" पप्पांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "माझ्या आजोबांच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे. बरं केलंस, पोरी."

आईने लाटणं खाली ठेवलं. "चिडला असेल ना म्हातारा?"

"चिडतोय कसला! पटकन हाताने तोंड दाबलं आणि तस्सा मागे मागे आला. पार मला टेकेपर्यंत. म्हटलं, मारतोय आता. तर वळला, तोंडावरचा हात काढला आणि मलाच विचारतो, 'भाजलं नाही ना, डीकरी?'"

"तुझ्याजवळ आल्यावर हात काढला?"

"हो ना."

"आणि विस्तवापाशी होता तेव्हा दाबलं होतं?"

"म्हणजे फडकं माझ्यासाठी नाही, आपला उष्टा श्वास विस्तवाला लागू नये म्हणून!" प्राची पुटपुटली. तिने मुठीतल्या कापडाकडे पाहिलं, मग हळूच ते ओढणीने झाकून घेतलं.

"पप्पा, ती शाब्बासकी परत घ्या," ती म्हणाली. "आई, सुईदोरा दे. उद्या त्यांचं पदान मी शिवून नेणार आहे. किरणसमोर."